बाहेरून बसलेला

मुंबई विद्यापीठ 1857 चं. ते कुणाच्या पैशावर चाललं? जोतीरावांनी 1882 साली हंटर कमिशनपुढं रोखठोक सांगितलं: सारा भरतो रयत, शिकतात वरचे. त्याच निवेदनात आणखी एक मागणी आहे, तिकडं आपलं लक्ष जात नाही. घरी अभ्यास करून एन्ट्रन्सला बसता येतं, तशीच मुभा वरच्या परीक्षांना द्या. म्हणजे 'बाहेरून बसणं' ही फुल्यांची मागणी बरं का!

बाबासाहेब 1912 चे इथलेच बी.ए. नोकरी करणाऱ्या पोरांची अडचण ओळखून 1946 ला त्यांनी सिद्धार्थ कॉलेज काढलं, वर्ग सकाळचे. विद्यापीठाला पोस्टानं शिकवायला 1971 उजाडलं.

मी त्यातलाच. आठवडाभर कारखाना, रविवारी सांताक्रूझला उतरून कलिना. शेजारचा पेपर इंग्रजीत लिही, मी मराठीत. पुस्तकं मात्र बरीचशी इंग्रजी. रात्री चाळीच्या जिन्यात दिव्याखाली डिक्शनरी घेऊन बसायचो. परीक्षेच्या दिवसांचा पगार शेठनं कापला.

एकदा कँपसवरच्या पोरानं विचारलं, "कुठलं कॉलेज?"

"बाहेरून," म्हणालो, अन् मान खाली घातली. समोरच फुल्यांच्या नावाची इमारत होती. ते निवेदन मला वाचायला मिळालं पदवी हातात पडल्यावर.