अडुळशाचे गणगोत आणि फादर सांतापाव

भगिनींनो, आपल्या फलटणात अडुळसा ठाऊक नाही असे घर विरळाच. पोराला खोकला झाला की शेजारणीच्या परसातून चार पाने येतात. अबोलीचा गजरा आपण माळतो, पिवळी कोरांटी कुंपणाला लावतो. ही सारी एकाच कुळातली भावंडे आहेत, हे मला थोरल्या मुलीच्या वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकावरून कळले. महाबळेश्वरच्या डोंगरातली कारवीही त्यांतलीच. शास्त्रात या कुळाला ॲकँथेसी म्हणतात. यांतील बहुतेकांच्या बोंडात प्रत्येक बी एका लहानशा आकड्यावर बसलेले असते. बोंड तडकले की बी दूर उडते. अबोलीचे सुकलेले बोंड पाण्यात टाकून पाहा, म्हणजे प्रचीती येईल.

या कुळाचा आपल्या मुलखापुरता नीट हिशेब लावला तो फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव यांनी. त्यांचा जन्म १९०३ साली स्पेन देशात झाला. १९४० पासून ते मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात शिकवू लागले. त्यांच्या आधी कुकसाहेबांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्यातील वनस्पतींचा मोठा ग्रंथ लिहिला होता. पण फादरांनी केवळ ग्रंथावर विसंबून न राहता खंडाळ्याचे डोंगर स्वतः पायांखाली घातले. १९५१ साली त्यांचा या कुळावरील ग्रंथ निघाला आणि १९५३ साली खंडाळ्याच्या वनस्पतींवरचा.

कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, बी धरते आणि वाळून जाते. तिचा फुलोरा कोणत्या साली कोठे आला, याच्याही नोंदी त्यांनी प्रसिद्ध केल्या. अशी नोंद एका वर्षात होत नाही. ज्या डोंगरावर गेलो तेथेच पुन्हा पुन्हा जावे लागते.

झाडाची डहाळी कागदात दाबून वाळवायची आणि तिच्यावर नाव, गाव व तारीख लिहायची, ही या शास्त्राची रीत. या कुळातली पुष्कळ झाडे पावसाळ्याच्या अखेरीस फुलतात. ओल्या हवेत वाळवण घालणे किती जिकिरीचे, हे आपणां बायकांना सांगायला नको! त्याच कॉलेजातील ब्लॅटर वनस्पतिसंग्रहालयात असे नमुने जपलेले आहेत, म्हणूनच आजचा विद्यार्थी आपले झाड त्यांच्याशी ताडून पाहू शकतो.

पुढे १९६१ ते १९६७ फादर भारतीय वनस्पती सर्वेक्षण खात्याचे प्रमुख होते. १९६७ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि १९७० साली त्यांचे निधन झाले. १९६४ साली याच कुळातील एका वनस्पतीला 'सांतापावा' असे नाव देण्यात आले होते. पुढच्या शास्त्रज्ञांनी ती तालिमखान्याच्या गणात घातली. नाव बदलले, पण झाडे पारखून लिहिण्याचे त्यांचे काम कायम राहिले.

कोणी म्हणेल, याचा आपल्या संसाराशी काय संबंध? गेल्या पावसाळ्यात आमच्या आळीतील एका सुनेने अडुळसा समजून भलत्याच झाडाची पाने काढ्यासाठी आणली. सासूबाईंनी वेळीच ओळखली म्हणून बरे झाले. आता वाडे पाडून इमारती होत आहेत, परस नाहीसे होत आहे आणि झाडे ओळखणाऱ्या म्हाताऱ्याही एकेक करून जात आहेत. तेव्हा मंडळाने एक वही घालावी. प्रत्येकीने परसातल्या झाडाची डहाळी वाळवून तीत चिकटवावी आणि खाली नाव, जागा व तारीख लिहावी. शंका असेल तेथे कॉलेजातील जाणत्यांना विचारावे. सातवी शिकलेल्या बाईलाही एवढे सहज जमेल.