हात लहान, की पट्ट्या रुंद?

हुपरीत पैंजण घडतं ते पायाच्या मापानं. पैंजणासाठी कुणी पाय ताणत नाही. पियानोचं मात्र उलटं झालं. मोझार्टच्या काळी, १८व्या शतकात, त्याच्या पट्ट्या आजच्यापेक्षा किंचित अरुंद होत्या. १९व्या शतकात सभागृहं मोठी झाली, वाद्यं दणकट झाली आणि सप्तकाच्या सात पांढऱ्या पट्ट्यांची रुंदी सुमारे १६.५ सेंटीमीटरवर स्थिरावली.

मग लहान हातांनी काय करावं? थोर वादक योसेफ हॉफमन (१८७६–१९५७) यांचे हात लहान होते. स्टाइनवेनं त्यांच्यासाठी अरुंद पट्ट्यांचे पियानो बनवले. हे भाग्य सर्वांना कुठलं? म्हणून जाणते शिक्षक सांगतात, बोटं ताणून धरू नका, मनगट आणि हात सोबत सरकू द्या, न पोहोचणारे सूर एकापाठोपाठ घ्या, दुखलं की थांबा.

आपली पेटीही मूळची युरोपातलीच. पण इथं भाता डाव्या हाती आला आणि उजव्या हाताकडे गाण्याची एकच ओळ राहिली. कोल्हापूरजवळच्या सांगवड्यात जन्मलेले गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) याच पेटीवर नावारूपाला आले. एखाद्या मुलाला ‘तुझा हात लहान, तुला जमणार नाही’ असं कुणी सांगितलं, की मला वाटतं, आधी वाद्याचं माप कुणी ठरवलं ते विचारावं.