सीमेवरचे सूर : तिगाव परिसरातील गानस्मृतींचा मागोवा

सातपुड्याच्या दक्षिण उतारावर, नागपूर-इटारसी लोहमार्गालगत तिगाव वसले आहे. नागपूरहून उत्तरेस निघालेली गाडी पांढुर्णा मागे टाकून तिगावच्या स्थानकात येते आणि तेथून पुढे चिचोंड्याच्या दिशेने घाट चढू लागते. नागपूरकडचा सखल मुलूख येथे मागे पडतो आणि डोंगराळ प्रदेशास आरंभ होतो. मराठी आणि हिंदी या दोन भाषांच्या सीमाही याच भागात एकमेकींत मिसळतात. अशा गावाचा इतिहास केवळ सनदांत आणि महसुलाच्या दफ्तरांत शोधून भागत नाही. त्याचा काही भाग लोकांच्या कानांत साठलेला असतो. कोणत्या काळी कोणते गाणे आवडीने ऐकले गेले, कोणते ओठांवर टिकले आणि ते पुन्हा कानी पडताच वृद्धांच्या मनात काय जागे होते, याचा मागोवा घेतल्यास या मुलखाच्या भाषिक जीवनाचा एक अलिखित वृत्तान्त हाती येतो.

हा प्रदेश पूर्वी देवगडच्या गोंड राजांच्या आणि पुढे नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. १८५३ साली भोसल्यांचे राज्य खालसा झाले. १८६१ साली मध्य प्रांताची स्थापना होऊन नागपूर ही त्याची राजधानी ठरली. सौसर-पांढुर्ण्याकडील मराठी भाषकांस त्यामुळे राजधानी परकी वाटण्याचे कारण नव्हते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे तत्कालीन मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला आणि त्याची राजधानी भोपाळ झाली. कचेरीचा कागद हिंदीत लिहिला जाऊ लागला. बाजारहाट आणि सोयरसंबंध मात्र पूर्वीप्रमाणेच नागपूर, काटोल, नरखेड व वरूड या बाजूंशी राहिले. २०२३ साली सौसर आणि पांढुर्णा या तहसिली मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. शासनाच्या नकाशावर इतकी स्थित्यंतरे होत असता भाषेचा धागा कशाने टिकला, हा प्रश्न विचारात घेण्यासारखा आहे. त्याचे एक उत्तर गाण्यात सापडते.

या गानपरंपरेचा सर्वांत जुना थर देवळातील भजनाचा होय. कार्तिकातील काकडआरती, हरिनाम सप्ताह, गोपाळकाला या निमित्तांनी संतांचे अभंग या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या गाइले गेले. सप्ताहात वीणा खाली ठेवावयाची नसते. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते आणि रात्रंदिवस पहारा चालू राहतो. परंपरा कशी चालते, याचे याहून बोलके चित्र शोधूनही सापडणार नाही. ज्यास अक्षरओळख नव्हती, त्यासही ज्ञानोबा-तुकारामांची भाषा टाळ-मृदंगाच्या साथीने पाठ झाली. म्हणून काकड्याची चाल कानी पडताच वृद्धांस आठवते ती पहाटेची थंडी, नंदादीपाचा उजेड आणि वडिलांच्या घोंगडीची ऊब. अभंगाचा अर्थ पुष्कळदा मागाहून कळतो; स्मृती मात्र तत्क्षणी जागी होते.

दुसरा थर स्त्रियांच्या गाण्यांचा. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत विदर्भात भुलाबाईचा उत्सव चालतो. भुलाबाई म्हणजे पार्वती आणि भुलोजी म्हणजे शंकर, अशी समजूत आहे. मुली सायंकाळी घरोघर जमून गाणी म्हणतात आणि शेवटी डब्यातील खाऊ ओळखण्याची गंमत होते. या गाण्यांतून सासर आणि माहेर यांचे सुखदुःख गुंफलेले असते. लग्न होऊन येणारी प्रत्येक सून आपल्या गावची गाणी बरोबर आणते. १९५६ नंतर या गीतांस न कळत एक नवा अर्थ लाभला. नरखेड वा वरूडकडची लेक पांढुर्ण्याकडे दिली गेली, की तिचे माहेर एका राज्यात आणि सासर दुसऱ्या राज्यात पडू लागले. तिच्या मुलांच्या पुस्तकांची भाषा बदलली, तरी तिने अंगणात म्हटलेल्या गाण्याची भाषा बदलली नाही. सीमावर्ती भागातील मराठीचे रक्षण सभासंमेलनांच्या ठरावांइतकेच या अनाम स्त्रियांनी केले आहे, असे म्हटल्यास ते वावगे ठरू नये.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ग्रामोफोन आला आणि दूरवरचे सूर गावात येऊ लागले. किल्ली फिरवून चालणाऱ्या त्या यंत्रावर मिनिटाला ७८ फेरे घेणारी तबकडी लावली जाई. तिच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. रंगभूमीवर ‘वन्समोअर’ घेत दीर्घकाळ रंगणारी पदे गायकांना तेवढ्या अवधीत बसवावी लागत. नारायणराव राजहंस ऊर्फ बालगंधर्व (१८८८–१९६७) आणि गोमंतकातील मंगेशीचे मास्टर दीनानाथ (१९००–१९४२) यांचे गाणे ज्यांना प्रत्यक्ष ऐकणे शक्य नव्हते, त्यांच्यापर्यंत ते असे पोचले. गोव्यातील मंगेशाच्या देवळाशी जडलेला गळा सातपुड्याच्या पायथ्याशी ऐकू यावा, हे त्या काळचे एक नवलच होते. १९३६ साली प्रभात कंपनीचा ‘संत तुकाराम’ हा बोलपट आला. विष्णुपंत पागनीसांच्या गायनाने संतवाणीस पडद्यावर नवे रूप दिले आणि देवळातील भजनी मंडळीही त्या चाली आवडीने म्हणू लागली.

या साऱ्यांहून विदर्भ-सातपुड्याच्या खेड्यापाड्यांत अधिक खोल रुजला तो राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजेरीचा नाद. ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातील यावली येथे जन्मलेल्या माणिक बंडोजी इंगळे यांस गुरू आडकोजी महाराजांनी ‘तुकड्या’ हे नाव दिले. १९३५ साली त्यांनी मोझरी येथे गुरुकुंज आश्रमाची स्थापना केली. गाण्यासाठी त्यांना मोठ्या साजाची गरज नव्हती. एका हातात मावणारी खंजेरी पुरेशी होती. स्वच्छता, श्रमदान, व्यसनमुक्ती, अस्पृश्यतानिवारण हे विषय त्यांनी भजनाच्या चालीवर बसविले. १९४२ च्या आंदोलनात आष्टी-चिमूर पेटले, तेव्हा त्यांस कारावास घडला, यावरूनच त्या भजनांचे सामर्थ्य सरकारने किती ओळखले होते, हे ध्यानात येते. सीमावर्ती गावांच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की त्यांनी मराठी व हिंदी या दोन्ही भाषांत विपुल रचना केली. दोन भाषांत वावरणाऱ्या समाजास एकाच खंजेरीवर दोन्ही भाषांतील भजने म्हणता आली. एकीसाठी दुसरीचा द्वेष करावा लागला नाही. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी महाराज निवर्तले. त्यांची सामुदायिक प्रार्थना आणि ४१ अध्यायांची ‘ग्रामगीता’ त्यांच्यामागेही गावोगावच्या मंडळांनी चालविली.

१९४८ साली नागपूर येथे आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले. आरंभी रेडिओ ही मोजक्या घरांची मिरास होती. छपरावर उंच तार बांधावी लागे, वीज नसेल तेथे वजनदार बॅटरी लागे आणि दरवर्षी पोस्टात शुल्क भरून परवाना घ्यावा लागे. त्यामुळे एका घरचा रेडिओ हा साऱ्या आळीचा रेडिओ असे. ओसरीवर माणसे जमत आणि ऐकणे हाही एक सामुदायिक सोहळा होई. १९५६ साली राज्यांच्या सीमा बदलल्या. नागपूरच्या ध्वनिलहरींना मात्र कोणत्याही नाक्यावर थांबावे लागले नाही. मराठी बातम्या, शेतीविषयक कार्यक्रम, भक्तिगीते आणि भावगीते पूर्ववत येत राहिली. राजकीय नकाशाने तोडलेला धागा आकाशवाणीने असा जोडून ठेवला.

त्याच सुमारास, १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, पुणे केंद्रावरून ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांच्या ‘गीतरामायणा’स प्रारंभ झाला. वर्षभर चाललेली ही ५६ गीते पुढे ध्वनिमुद्रिकांच्या आणि जाहीर कार्यक्रमांच्या रूपाने सर्वदूर मराठी घरांत पोचली. हिंदी चित्रगीतांचे वेडही कमी नव्हते. १९५२ साली रेडिओ सिलोनवर सुरू झालेल्या ‘बिनाका गीतमाले’तील अमीन सयानींचा आवाज देशभर घुमत होता. १९५७ साली विविध भारतीचा जन्म झाला, तर १९६७ साली मुंबई, पुणे व नागपूर येथून तिच्या जाहिरातसेवेस आरंभ झाला. ट्रान्झिस्टर आल्यावर गाणे ओसरीवरून उठून संत्र्याच्या बागेत आणि मोटेच्या धावेवर गेले. इंदूरला जन्मलेल्या लता मंगेशकरांचा (१९२९–२०२२) आवाज मराठी आणि हिंदी या दोन्ही घरांत सारख्याच आपलेपणाने ऐकला गेला; एका अर्थी या सीमेवरच्या माणसाचाच तो आवाज होता.

पुढे ध्वनिक्षेपक आणि कॅसेट यांचा काळ आला. प्रल्हाद शिंदे (१९३३–२००४) यांची भक्तिगीते उत्सवांतून आणि जत्रांतून घुमू लागली. पंडित भीमसेन जोशी (१९२२–२०११) यांच्या संतवाणीने अभंगास मैफलीची प्रतिष्ठा दिली. ऐकण्याची सोय वाढली, परंतु तिच्याबरोबर एक हानीही झाली. कळ दाबताच उत्तम गाणे मिळू लागल्यावर स्वतः गाण्याची निकड उरली नाही. जेथे १०-१२ जण टाळ घेऊन बसत, तेथे ध्वनिक्षेपकावर कॅसेट लावून काम भागू लागले. आज तर गाणे प्रत्येकाच्या खिशातील भ्रमणध्वनीत आहे आणि प्रत्येकाचे गाणे वेगळे आहे. पूर्वीच्या गाण्यांनी जागणारी स्मृती साऱ्या आळीची असे. आताची स्मृती एकट्याची होऊ पाहत आहे.

जुनी गाणी प्रिय वाटतात ती केवळ गोडव्यामुळे नव्हे. त्या त्या गाण्याबरोबर ती म्हणणारी माणसे, ते अंगण, तो ऋतू मनात परत येतो. तिगावासारख्या गावी त्यांचे मोल याहूनही मोठे आहे. शाळा आणि कचेरी यांनी जी भाषा मागे ठेवली, ती गाण्याने घरात राखली. ध्वनिमुद्रिका जपून ठेवता येतात. भुलाबाईच्या गाण्यांची आणि गावठी भजनचालींची वही मात्र वृद्धांच्या कंठातच असते आणि त्यांच्याबरोबर ती मिटते. ती वेळीच लिहून घेणे आणि त्याहीपेक्षा मुलांच्या मुखी घालणे, हे प्रत्येक देवळाच्या सभामंडपात सहज होण्याजोगे कार्य आहे. सप्ताहातील वीणा ज्याप्रमाणे खाली न ठेवता पुढच्याच्या गळ्यात दिली जाते, त्याप्रमाणे हा ठेवाही पुढील पिढीच्या स्वाधीन व्हावा.