उपास आणि उपासमार : दीर्घायुष्याच्या शोधाचा एक इतिहास

मराठीत 'उपास' आणि 'उपासमार' हे शब्द एकाच कुळातले असले तरी वाक्यात ते एकाच रीतीने चालत नाहीत. उपास माणूस 'करतो', उपासमार त्याची 'होते'. पहिल्या शब्दाला कर्ता आहे. दुसऱ्यात माणूस केवळ सोसणारा आहे. हा भेद इतका अंगवळणी पडलेला आहे की त्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. मात्र आहार आणि आयुर्मान यांच्या संबंधाविषयी गेल्या शतकात जे संशोधन झाले त्याचा इतिहास वाचू लागले की हाच भेद वारंवार आडवा येतो. कमी अन्नावर ठेवलेले प्राणी अधिक जगतात असे प्रयोगशाळांत दिसून आले, त्यामागची पेशींच्या आतली यंत्रणाही पुष्कळशी उलगडली. परंतु कमी म्हणजे कोणापेक्षा कमी, कशात कमी आणि कोणाच्या इच्छेने कमी, हे प्रश्न दर टप्प्यावर नव्याने विचारावे लागले. त्या टप्प्यांचा मागोवा घेण्याचा येथे प्रयत्न करीत आहोत.

या इतिहासाचा आरंभ एका निबंधापासून करता येईल. लुइजी कोर्नारो हा पादुआ येथे राहणारा, व्हेनिसच्या राज्यातील धनाढ्य जमीनदार. नाटककार रुझान्ते आणि वास्तुकार फाल्कोनेत्तो यांचा आश्रयदाता म्हणून कलेच्या इतिहासात त्याचे नाव येतेच. तारुण्यातल्या अतिरेकी खाण्यापिण्याने त्याची प्रकृती ढासळली. तेव्हा वैद्यांच्या सल्ल्याने त्याने आहार आवरला आणि पुढे तो दिवसाला १२ औंस अन्न व १४ औंस द्राक्षमद्य इतक्यावर आणून ठेवला. १५५८ साली त्याने मिताहारी जीवनावरील आपला निबंध प्रसिद्ध केला आणि नंतर त्याला आणखी काही प्रकरणे जोडली. घरच्यांच्या आग्रहाखातर आपण हे प्रमाण दोन-दोन औंसांनी वाढवले आणि लागलीच आजारी पडलो, अशी हकिकत तो त्यात सांगतो. आनंदी, काहीसा आत्मसंतुष्ट असा हा म्हाताऱ्याचा स्वर वाचकांना इतका भावला की पुस्तक युरोपभर गेले. १६३४ साली निघालेले त्याचे इंग्रजी भाषांतर जॉर्ज हर्बर्ट या कवीने केलेले आहे, ही गोष्ट इंग्रजी साहित्याच्या अभ्यासकांना ठाऊक असेलच.

आता अडचण अशी की या निबंधाचा सारा भार निवेदकाच्या वयावर आहे, आणि ते वयच वादग्रस्त आहे. कोर्नारो १५६६ साली वारला. त्याच्या जन्मवर्षाविषयी मात्र मतभेद आहेत. त्यामुळे मृत्युसमयी त्याचे वय कोणी शंभरीच्या आसपास धरतात, तर कोणी ८२च्या सुमारास. त्याने आपले वय वाढवून सांगितले असावे असे मानणारे अभ्यासक पुष्कळ आहेत. आत्मचरित्रपर लेखनातील निवेदकावर किती विश्वास ठेवावा, हा आपल्या परिचयाचा प्रश्न येथे थेट वैद्यकाच्या दारात येऊन उभा राहतो.

याहून मूलगामी आक्षेप नीत्शेने घेतला. १८८८ साली लिहिलेल्या 'मूर्तींचा संधिप्रकाश' या ग्रंथात कार्यकारणाची उलटापालट कशी होते हे दाखवण्यासाठी त्याने कोर्नारोचेच उदाहरण निवडले. कमी खाल्ले म्हणून तो अधिक जगला असे लोक समजतात. वस्तुतः त्याच्या शरीराचा व्यापारच मंद होता आणि म्हणून त्याला कमी अन्न पुरे, अधिक सोसत नसे, असा त्याचा युक्तिवाद आहे. नीत्शेचे अनुमान बरोबर की चूक, हे आज ठरवता येणार नाही. पण एका माणसाच्या कहाणीवरून कारण आणि परिणाम वेगळे काढता येत नाहीत, हे त्याने नेमके हेरले. ते वेगळे काढायचे तर एकसारख्या जीवांचे दोन गट करून एकाच गटाचे अन्न कमी करणे भाग होते.

तसा प्रयोग अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके, मेरी क्रोवेल आणि लिओनार्ड मेनार्ड यांनी केला; त्याचे निष्कर्ष १९३५ साली प्रसिद्ध झाले. काही घुशीवजा पांढऱ्या उंदरांना पोटभर अन्न दिले. इतरांना वाढ खुंटेल इतके कमी. पोटभर खाणारे नर सरासरी सुमारे ४८० दिवस जगले, तर कमी खाणारे ८००हून अधिक. माद्यांमध्ये मात्र असा मोठा फरक दिसला नाही. या प्रयोगातील एक बाब पुढच्या काळात सहज विसरली जाते : कमी केली होती ती ऊर्जा. प्रथिने, जीवनसत्त्वे, क्षार यांची उणीव पडू नये याची संशोधकांनी काळजी घेतली होती. शिवाय ते उंदीर पिंजऱ्यात होते. त्यांना ना मजुरी करायची होती, ना थंडीपाऊस सोसायचा होता, ना साथीच्या रोगांशी झुंजायचे होते. म्हणजेच हा उपास होता आणि त्याची व्यवस्था दुसऱ्याने चोख ठेवली होती.

दुसऱ्या शब्दाचा अभ्यास महायुद्धाने करायला लावला. युद्धोत्तर युरोपातील भुकेल्या लोकांना पुन्हा अन्नावर कसे आणावे हे समजावे म्हणून मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी १९४४-४५ साली ३६ तरुणांवर एक प्रयोग केला. हे सारे विवेकबुद्धीने युद्धसेवा नाकारलेले स्वयंसेवक होते. २४ आठवडे त्यांना दिवसाला सुमारे १,५७० कॅलरींचे अन्न मिळे, तेही मुख्यतः बटाटे, सलगम, पाव असे. शिवाय दर आठवड्याला ३५ किलोमीटर चालणे सक्तीचे. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले. पण १९५० साली निघालेल्या द्विखंडी अहवालात अधिक अस्वस्थ करतात ती मनाची वर्णने. ही मुले पाकशास्त्राची पुस्तके वाचत बसत, ताट चाटून पुसून घेत, अन्नावाचून दुसरा विषय त्यांना सुचेनासा झाला; चिडचिड आणि उदासी वाढली. त्यांनी ही भूक स्वेच्छेने पत्करली होती, तरीही काही आठवड्यांतच ती त्यांची मालकीण झाली.

त्याच हिवाळ्यात नेदरलँड्सच्या पश्चिम भागात जर्मन नाकेबंदीमुळे खरीखुरी उपासमार चालू होती. शहरांतील दैनिक शिधा १,००० कॅलरींच्याही खाली गेला होता. त्या काळात आईच्या पोटात असलेल्या मुलांचा पुढे अनेक दशके अभ्यास झाला. प्रौढपणी त्यांच्यात रक्तातील साखरेचे नियमन बिघडण्याचे प्रमाण अधिक आढळले. २००८ साली असेही दिसून आले की गर्भधारणेच्या सुमारास ती उपासमार भोगलेल्यांच्या वाढीशी निगडित अशा एका जनुकावरील रासायनिक खुणा सहा दशकांनंतरही त्यांच्या भावंडांहून वेगळ्या होत्या. कमी अन्न आयुष्य वाढवते हे विधान या मुलांपुढे उच्चारून पाहावे, म्हणजे त्याच्या मर्यादा ध्यानात येतात.

अन्नाचा तुटवडा शरीराला कळतो तरी कसा, या प्रश्नाचे उत्तर पुढे अगदी क्षुद्र जीवांकडून मिळाले. मातीत राहणारा एक मिलिमीटर लांबीचा एक सूत्रकृमी जेमतेम दोन-तीन आठवडे जगतो. पण बालपणी अन्न तुटले तर तो वाढ थांबवून एका सुप्तावस्थेत जातो आणि तिच्यात महिनोन् महिने टिकून राहतो. सिंथिया केन्यन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली दाखवले की या अवस्थेशी संबंधित एकाच जनुकात बदल झाला तर पूर्ण वाढलेला कृमीही दुप्पट जगतो. हे जनुक आपल्याकडील इन्सुलिनचा संदेश ग्रहण करणाऱ्या प्रथिनाच्या नात्यातले आहे, हे १९९७ साली उघड झाले. अन्न भरपूर आहे, वाढा, असा निरोप पेशीला देणारी वाट मंदावली की पेशी वाढीऐवजी डागडुजीकडे वळते, असे त्याचे सार सांगता येईल.

दुसरी वाट सापडण्याची कथा एका बेटाशी निगडित आहे. १९६४ साली कॅनडातून एक वैद्यकीय मोहीम पॅसिफिकमधील ईस्टर बेटावर, म्हणजे स्थानिकांच्या रापा नुई येथे गेली. तिने आणलेल्या मातीतील एका सूक्ष्मजीवापासून मॉन्ट्रिअल येथे सुरेंद्रनाथ सेहगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक द्रव्य वेगळे केले. बेटाच्या नावावरून ते रॅपामायसिन झाले. बुरशीनाशक म्हणून पाहिलेले हे द्रव्य प्रतिकारशक्ती दाबते असे निघाले. १९८०च्या दशकात तेथील प्रयोगशाळा बंद झाली तेव्हा सेहगल यांनी ते जिवाणू घरच्या फ्रीझरमध्ये जपून ठेवले, म्हणून पुढचे काम होऊ शकले. १९९९ साली मूत्रपिंड-रोपणासाठी त्या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. दरम्यान १९९१ साली बाझेल येथे हाइटमन, मोव्वा आणि हॉल यांनी यीस्टमध्ये रॅपामायसिनचे लक्ष्य शोधून काढले आणि त्याला 'टॉर' हे नाव दिले. अमिनो आम्ले आणि ऊर्जा मुबलक असली की हे प्रथिन पेशीला नवी बांधणी करायला लावते. तुटवडा पडला की ते शांत होते आणि पेशी आपलेच जुने, मोडके भाग पचवून त्यांतून नवे घडवू लागते. या स्वभक्षणाची जनुके योशिनोरी ओसुमी यांनी १९९०च्या दशकात उपाशी ठेवलेल्या यीस्टमध्येच शोधली. २०१६ साली त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले.

२००९ साली तीन प्रयोगशाळांनी मिळून ६०० दिवसांच्या, म्हणजे उतारवयाच्या उंदरांना रॅपामायसिन दिले. दहांतील नऊ उंदीर मरेपर्यंतचा काळ मोजला तर माद्यांचे आयुष्य १४ टक्क्यांनी आणि नरांचे ९ टक्क्यांनी वाढले. अन्न कमी न करता पेशीला अन्न कमी असल्याचा भास घडवता येतो, हे यातून सिद्ध झाले. माणसाचे आयुष्य त्याने वाढते असे मात्र अद्याप कोणी दाखवलेले नाही, आणि प्रतिकारशक्ती दाबणारे औषध निरोगी माणसाने घेण्यातील धोका उघड आहे.

माणसाच्या जवळ जाऊ लागताच चित्र धूसर होत जाते. अमेरिकेत दोन ठिकाणी ऱ्हीसस माकडांवर १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून प्रदीर्घ प्रयोग चालले. विस्कॉन्सिन येथील गटाने २००९ साली जाहीर केले की कमी खाणाऱ्या माकडांत वार्धक्यजन्य आजारांनी होणारे मृत्यू घटले. राष्ट्रीय वार्धक्य संस्थेच्या गटाला २०१२ साली आयुर्मानात फरक आढळला नाही. दोन्ही गटांनी एकत्र बसून २०१७ साली आकडे ताडून पाहिले, तेव्हा मिताहार हितकारकच दिसला. विसंगतीचे एक महत्त्वाचे कारण मात्र तुलनेच्या गटात सापडले. विस्कॉन्सिनची 'पोटभर' खाणारी माकडे साखरेचे प्रमाण बरेच असलेले अन्न हवे तितके खात होती. दुसरीकडची मुळातच बऱ्या प्रतीचे आणि मोजून दिलेले अन्न खात होती. म्हणजे कमी खाण्याचा लाभ किती, हे पुष्कळ अंशी 'भरपूर' कशाला म्हटले यावर अवलंबून होते.

माणसांवरील सर्वांत काटेकोर प्रयोगात लठ्ठ नसलेल्या २००हून अधिक व्यक्तींनी दोन वर्षे आहार २५ टक्क्यांनी घटवायचा होता. सर्व मदत असूनही सरासरी घट सुमारे १२ टक्केच साधली. रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांत सुधारणा झाली, हाडांची घनता किंचित उतरली. आयुष्य वाढले की नाही, हे दोन वर्षांत कळण्यासारखे नव्हते.

कोर्नारोपासून येथपर्यंत आल्यावर आम्हाला असे वाटते की पेशीला खरोखरच उपास आणि उपासमार यांतला फरक पहिल्या क्षणी कळत नसावा. दोन्ही वेळी टॉर शांत होते, स्वभक्षण सुरू होते. फरक पडतो तो पेशीबाहेरच्या गोष्टींनी : ताटात प्रथिने व जीवनसत्त्वे आहेत का, अंगावर काम किती आहे, वय काय आहे, आणि भूक थांबवण्याचा अधिकार कोणाच्या हाती आहे. कोर्नारोला तो अधिकार होता, रॉटरडॅममधल्या गरोदर स्त्रीला नव्हता. आज मिताहाराचे गुणगान वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून ज्या उत्साहाने होते त्यात हा अधिकार गृहीत धरलेला असतो, आणि वाचणाऱ्याचे पोट आधी भरलेले आहे हेही. हे संशोधन वाचताना ज्या वाक्यात 'कमी अन्न' असे शब्द येतील तेथे थांबून कर्ता कोण हे विचारण्याची सवय साहित्याच्या विद्यार्थ्याला असतेच. तिचा उपयोग येथेही करावा.