संगणक : विहिरीवरचा आणि कालव्याखालचा

ज्याची शेती विहिरीवर आहे आणि ज्याची कालव्याखाली आहे, असे दोन शेतकरी पारावर बोलत बसले की एक वाद हटकून निघतो. विहीरवाला म्हणतो, "माझं पाणी माझ्या हातात." पण मोटर जळाली, गाळ साचला, तर ते निस्तरावे लागते एकट्या त्यालाच. कालवेवाल्याला हा ताप नाही. पाटकरी दार उचलतो आणि पाळी आली की पाणी बांधाशी येऊन उभे राहते. मात्र दार उचलणारा हात त्याचा स्वतःचा नसतो.

संगणकाच्या इतिहासात हाच वाद गेली साठ वर्षे चालू आहे असे म्हटले, तर आपल्याला नवल वाटेल. संगणक आपण होऊन काहीच करीत नाही. जे करतो ते त्याच्यात भरलेल्या प्रोग्रॅमच्या सांगण्यावरून. मग हा प्रोग्रॅम भरावयाचा कोणी, बदलावयाचा कोणी आणि वेळ पडल्यास थांबवावयाचा कोणी? यंत्रापाशी बसलेल्या माणसाने, की कोठेतरी दूर बसून तारेवरून हुकूम सोडणाऱ्याने?

आरंभी हा प्रश्नच नव्हता, कारण यंत्र एकच असे. अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत १९६१ साली फर्नांडो कॉर्बाटो व त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच मोठ्या संगणकावर अनेकांना एकाच वेळी काम करता येईल अशी व्यवस्था करून दाखविली. प्रत्येकापुढे टंकलेखनयंत्रासारखे एक साधन, पण प्रोग्रॅम सारे मधल्या यंत्रात. सोय मोठी, आणि चूक झाली तर तीही मोठी. त्याच दशकात एके दिवशी तेथे असे झाले की दोन फायलींची अदलाबदल झाली आणि काम सुरू करणाऱ्या प्रत्येकाला रोजच्या सूचनेऐवजी सगळ्यांचे गुप्त संकेतशब्द छापून मिळू लागले! एका ठिकाणचा घोटाळा सगळ्यांच्या पुढ्यात एकदम जाऊन पडतो, हे कालव्याचे लक्षण तेव्हाच दिसून आले.

पुढे १९७५ पासून लहान संगणक विकत मिळू लागले. १९७७ मध्ये ॲपल-दोन आला, १९८१ मध्ये आय.बी.एम.चा पी.सी. आला, आणि विहिरींचा काळ सुरू झाला. ज्याचे यंत्र त्याचा प्रोग्रॅम. नवा प्रोग्रॅम घालावयाचा तर फ्लॉपी नावाची चकती घ्यावयाची आणि यंत्रापाशी जावयाचे. विद्यार्थिदशेत मी स्वतः फ्लॉप्यांचा डबा घेऊन प्रयोगशाळेत एका यंत्रावरून दुसऱ्यावर हिंडलो आहे. दहा यंत्रे असली की दहा वेळा तेच काम, आणि दहाव्या यंत्रापाशी पोचावे तो पाचवी चकती खराब निघालेली! शिवाय चकतीबरोबर रोगही हिंडत असे. १९८६ साली लाहोरच्या दोघा भावांनी लिहिलेला 'ब्रेन' नावाचा विषाणू अशाच चकत्यांवर बसून परदेशापर्यंत गेला. पण तो जाई चकतीच्या वेगाने, म्हणजे माणसाच्या पावलांच्या वेगाने. ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

आता ज्या हकिकतीसाठी मी हा लेख लिहावयास घेतला, ती सांगतो.

कॅलिफोर्नियात पालो आल्टो येथे झेरॉक्स कंपनीची एक संशोधन संस्था होती. तेथील शंभरावर छोटे संगणक एकमेकांना तारेने जोडलेले होते. रात्री ही यंत्रे रिकामी असत. जॉन शॉक आणि जॉन हप या दोघा संशोधकांच्या मनात आले की एखादा प्रोग्रॅम असा लिहावा, जो जाळ्यावर रिकामे यंत्र आपणच शोधील, त्यात आपली एक प्रत घालील, आणि एखादे यंत्र मधेच बंद पडले तर दुसरे हुडकील. या प्रोग्रॅमला त्यांनी नाव दिले 'वर्म', म्हणजे किडा. जॉन ब्रनर यांच्या १९७५ सालच्या एका कादंबरीत असा प्रोग्रॅम कल्पिलेला होता. त्यावरून हे नाव सुचले.

एका संध्याकाळी त्यांनी एक लहानसा किडा मोजक्या यंत्रांवर चालू ठेवला आणि ते घरी गेले. सकाळी येऊन पाहतात तो ठिकठिकाणची यंत्रे ठप्प. बहुधा प्रोग्रॅमची एक प्रत बिघडली होती. ती रिकाम्या यंत्रात शिरे, यंत्र बंद पडे, आणि किडा पुन्हा नवे यंत्र शोधू लागे. बंद यंत्र कोणी पुन्हा चालू केले की तो ते लगेच धरी आणि यंत्र पुन्हा आडवे! यंत्रे इमारतभर पसरलेली. एकेकापाशी धावत जाऊन ती बंद करावीत, तर त्यातली काही नेमकी कुलूपबंद खोल्यांत. चावी जवळ नाही. विहीर आपल्याच अंगणात, पण अंगणालाच टाळे!

त्यांना तारले ते त्यांच्याच दूरदर्शीपणाने. किडा लिहितानाच त्यांनी त्यात एक चोरवाट ठेवली होती : जाळ्यावरून एक ठराविक संदेश गेला की प्रत्येक प्रतीने जागच्या जागी थांबावयाचे. तो संदेश सोडला आणि किडा थांबला. मात्र इमारतीत शंभरएक यंत्रे निपचित पडली होती. या दोघांनी ही फजिती लपवून ठेवली नाही. १९८२ साली एका शास्त्रीय मासिकात सविस्तर छापली. मला त्यांच्या हुशारीपेक्षाही या गोष्टीचे कौतुक अधिक वाटते. आपल्याकडे अशी हकिकत दप्तरात बांधून माळ्यावर गेली असती.

त्यानंतर कचेऱ्याकचेऱ्यांतून जाळी आली. २००० सालच्या विंडोजपासून तर एका जागी बसून शेकडो यंत्रांना, कोणता प्रोग्रॅम चालू द्यावा व कोणता नाही, हे सांगता येऊ लागले. हे सारे वरून हुकूम गाजविण्याच्या हौसेपोटी झाले, असे मात्र कोणी समजू नये. एकेकाच्या मर्जीवर सोडले की काय होते, त्याचा दाखला १२ मे २०१७ चा आहे. त्या दिवशी 'वॉनाक्राय' नावाच्या प्रोग्रॅमने जगभरच्या यंत्रांतील कागदपत्रे कुलूपबंद केली आणि खंडणी मागितली. ब्रिटनमधील कित्येक सरकारी रुग्णालयांना रोग्यांना परत पाठवावे लागले. ज्या भगदाडातून तो शिरला, ते बुजविण्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी, दिली होती. ती घातलीच नव्हती अशी असंख्य यंत्रे तशीच चालू होती. रोग आता माणसाच्या पावलांनी येत नव्हता. औषध मात्र अजून पायीच चालले होते.

उलट बाजूही पाहा. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉन कंपनीने किंडल या वाचनयंत्रावर विकलेली जॉर्ज ऑर्वेल यांची दोन पुस्तके ग्राहकांच्या यंत्रांतून दूरवरूनच पुसून टाकली. विकणाऱ्याला त्या पुस्तकांचा हक्क नव्हता, हे खरे. पैसेही परत दिले. परंतु अमेरिकेतील एका शाळकरी मुलाने त्या पुस्तकावर काढलेली टिपणे त्यामुळे निरुपयोगी झाली. दुकानदाराने रात्रीतून घरात येऊन फडताळातले पुस्तक उचलून न्यावे आणि जागी पैसे ठेवावे, तसाच हा प्रकार. कंपनीच्या प्रमुखांनी पुढे जाहीर माफी मागितली.

आणि मग १९ जुलै २०२४ चा शुक्रवार उजाडला. क्राउडस्ट्राइक ही अमेरिकन कंपनी यंत्रांच्या राखणदारीचा प्रोग्रॅम विकते. आपल्याकडील घड्याळाप्रमाणे सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी तिने जाळ्यावरून एक छोटी सुधारणा सोडली. चूक काय होती? हजेरीपटाचे उदाहरण घ्या. वाचणाऱ्याकडे २० रकाने, आणि नव्या फायलीने एकविसावा वाचावयास सांगितले. जो रकाना नाही तो वाचावयास गेलेला प्रोग्रॅम कोसळला, आणि त्याच्याबरोबर अख्खे यंत्र. ७८ मिनिटांत कंपनीने ती फाईल मागे घेतली. परंतु तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख यंत्रे निळा पडदा दाखवीत बसली होती. जगातील विंडोज यंत्रांच्या मानाने हा आकडा शंभरात एकाहूनही कमी. पण ती यंत्रे होती विमानतळांची, बँकांची, रुग्णालयांची. आपल्या देशातही विमानतळांवर काही प्रवाशांना हाताने लिहिलेले पास द्यावे लागले.

खरी मेख पुढेच आहे. जी दुरुस्ती हवी होती ती जाळ्यावरून बहुतेक यंत्रांना पोचेना, कारण यंत्र चालू झाल्याखेरीज ते जाळ्याला जोडले जात नाही, आणि ते तर चालू होताच कोसळत होते. तेव्हा माणूस यंत्रापाशी जावयाचा, ते सुरक्षित पद्धतीने उघडावयाचा आणि ती एक फाईल हाताने पुसावयाचा. ज्या यंत्रांतील माहिती सांकेतिक कुलपात होती, त्यांच्यासाठी आधी ४८ अंकी किल्ली शोधावयाची, आणि ती किल्ली काही ठिकाणी दुसऱ्या बंद पडलेल्या यंत्रातच ठेवलेली! डेल्टा या विमान कंपनीच्या प्रमुखांनी सांगितले की त्यांना ४० हजार सर्व्हर असे हाताने पुन्हा चालू करावे लागले. पालो आल्टोच्या त्या कुलूपबंद खोल्या आठवतात ना?

कंपनीने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चुकीचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. सुधारणा यापुढे सगळीकडे एकदम न सोडता आधी थोड्या यंत्रांवर आणि मग टप्प्याटप्प्याने सोडावयाची, असे तिने ठरविले; आणि आपल्या कोणत्या यंत्रांना ती केव्हा मिळावी, हे सांगण्याची मुभा ग्राहकांना दिली. म्हणजे दार पाटकऱ्याकडेच राहिले, पण आपल्या शेताच्या तोंडाशी मातीचा बांध घालण्यापुरते फावडे शेतकऱ्याच्या हाती आले.