इंग्रजी बोलींतील परकीयवाचक शब्द

परगावच्या, परप्रांतीय वा परदेशी माणसासाठी ब्रिटिश बेटांतील इंग्रजी बोलींत रूढ असलेले शब्द. परका कोण, हे देशाच्या सीमेइतकेच नाव देणाऱ्या समाजाच्या स्थानावरून ठरते, असे त्यांच्या इतिहासावरून दिसते.

यांतील सर्वांत बोलके उदाहरण ‘वेल्श’ या शब्दाचे होय. प्राचीन इंग्रजीतील ‘वेआल्ह’ म्हणजे परका. पाचव्या शतकापासून ब्रिटनमध्ये वसाहत करणाऱ्या अँग्लो-सॅक्सन लोकांनी हा शब्द तेथील मूळच्या केल्टिक रहिवाशांना लावला. म्हणजे आगंतुकांनी भूमिपुत्रांनाच परके ठरविले. पुढे त्यास ‘गुलाम’ असाही अर्थ प्राप्त झाला. या भेदाला कायद्याचेही पाठबळ होते. वेसेक्सचा राजा आयनी याच्या कायद्यानुसार (सु. ६८८–९४) सामान्य इंग्रज शेतकऱ्याच्या वधाबद्दल २०० शिलिंग भरपाई द्यावी लागे, एक हाइड जमीन असलेल्या वेल्श माणसाबद्दल १२०, तर भूमिहीन वेल्श माणसाबद्दल केवळ ६० शिलिंग पुरत. ‘वेल्स’ व ‘कॉर्नवॉल’ ही प्रदेशनामे आणि अक्रोडवाचक ‘वॉलनट’ हा शब्द यांत हे मूळ आढळते. वेल्श लोक मात्र स्वतःला ‘कम्री’ म्हणजे देशबांधव म्हणवितात, तर स्कॉटिश गेलिकमधून आलेला ‘सॅसनाक’ (सॅक्सन) हा शब्द उलट इंग्रजांनाच परके ठरवितो.

मध्ययुगीन लंडनमध्ये नगराचे सदस्यत्व नसलेला इंग्रजही ‘फॉरिन’ गणला जाई व त्याच्या व्यापारावर निर्बंध असत. समुद्रापलीकडून आलेला तो ‘एलियन’. ग्रामीण बोलींतही ‘फॉरिनर’ म्हणजे शेजारच्या परगण्यातील माणूस, हा अर्थ दीर्घकाळ टिकला.

बेटांवरील शब्दांत आगमनाचा मार्गच नोंदलेला असतो. ऑर्कनीत ‘फेरी-लूपर’ म्हणजे नावेतून उडी मारून आलेला. शेटलंडमध्ये ‘सूथ-मूदर’ म्हणजे ब्रेसी सामुद्रधुनीच्या दक्षिण मुखातून लर्विक बंदरात शिरलेला. आइल ऑफ वाइटवर मुख्य भूमीवरचा माणूस ‘ओव्हरनर’ ठरतो. उत्तर इंग्लंडमध्ये ‘ऑफकमर’ हा शब्द आहे.

विसाव्या शतकात पर्यटकांसाठी कॉर्नवॉलमध्ये ‘एमेट’ (मूळ अर्थ मुंगी) व डेव्हनमध्ये ‘ग्रॉकल’ हे उपहासात्मक शब्द रूढ झाले. द सिस्टिम (१९६४) या चित्रपटामुळे दुसऱ्याचा प्रसार वाढला. ‘वेआल्ह’ हा जेत्यांचा शब्द होता. हे शब्द मात्र धनिक पाहुण्यांपुढे हतबल झालेल्या स्थानिकांचे आहेत. त्यांमागील अस्वस्थता केवळ भाषिक नाही. कॉर्नवॉलमधील सेंट आइव्ह्‌ज येथे २०१६ च्या सार्वमतात नवी घरे कायम रहिवाशांसाठीच राखून ठेवावीत, असा बहुमताचा कौल मिळाला.