निर्वात नलिकेची जवारी

तंबोऱ्याची तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा बारीक दोरा सरकवला, म्हणजे आतापर्यंत मुकी वाटणारी तार बोलू लागते. यंत्रज्ञाच्या हिशेबाने तो दोरा म्हणजे तारेच्या मोकळ्या कंपनात आणलेला अडथळाच होय. परंतु त्या अडथळ्यातूनच उपस्वर उजळतात आणि गवयाच्या षड्जाला आसन मिळते. जुन्या रेडिओत तांबूस तेवणाऱ्या निर्वात नलिकेची, म्हणजेच व्हॉल्व्हची, कथा याहून निराळी नाही. तिची कीर्ती तिच्या दोषावरच टिकून आहे.

आम्हा चेन्नईकर मराठी मंडळींना या इतिहासासाठी दूर जावयास नको. मुंबईचे नभोवाणी केंद्र १९२७ च्या जुलैत सुरू झाले. त्यापूर्वी तीन वर्षे, १९२४ साली, सी. व्ही. कृष्णस्वामी चेट्टी यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या 'मद्रास प्रेसिडेन्सी रेडिओ क्लब'ने अवघ्या ४० वॅट शक्तीच्या यंत्रावरून ध्वनिक्षेपण आरंभिले होते. पैशाअभावी १९२७ साली क्लब बंद पडला. पण त्याचे यंत्र महापालिकेच्या हाती आले आणि १९३० पासून तिने नभोवाणी चालविली. मरीनाच्या वाळूत बसलेल्या लोकांना कर्ण्यांतून संगीत ऐकू येई. पुढे १९३८ च्या जूनमध्ये ऑल इंडिया रेडिओचे मद्रास केंद्र उघडले. हा सारा व्याप काचेच्या नलिकांवर चाले. ट्रान्झिस्टरचा जन्म १९४७ सालचा.

नलिकेचे मर्म थोडक्यात असे. इंग्लंडात फ्लेमिंगने १९०४ साली दोन अग्रांची नलिका केली. अमेरिकेत ली डी फॉरेस्टने १९०६ च्या सुमारास तीत तिसरे अग्र, एक जाळी, घातले. तापलेल्या अग्रातून इलेक्ट्रॉन निघतात आणि जाळीवरील दाबाचा किंचित चढउतार त्यांच्या प्रवाहात मोठा चढउतार घडवितो. हेच ध्वनिवर्धन. मात्र प्रवाहाला मर्यादा असते. ती ओलांडू पाहणाऱ्या लहरीचे शिखर साधा ट्रान्झिस्टर-मंडल सुरीने कापल्यासारखे तोडते. नलिका ते दाबून गोल करते. त्रिअग्र नलिकेच्या या विकृतीत प्रामुख्याने दुसरा उपस्वर, म्हणजे षड्जावर तार षड्ज, मिसळतो. तीक्ष्ण कापणीत विषम उपस्वरांची गर्दी होते; त्यांतला तिसरा पंचमाचा म्हणून गोड, पण सातवा, अकरावा यांना सप्तकात धड घर नाही. ते कानाला खरखरतात.

पाश्चात्त्य गिटारवादकांनी ही विकृती मुद्दाम ओढवून घेतली. ध्वनिवर्धकाला त्याच्या कुवतीपलीकडे दामटले की क्षणात विझणारा तारेचा स्वर लांबतो, हे त्यांच्या ध्यानी आले. मग नलिकांच्या जातींची पारख सुरू झाली. अमेरिकेतल्या फेंडर यंत्रांतील ६एल६ स्वच्छ व भरदार खर्जाची, इंग्रजी व्हॉक्स यंत्रांतील ईएल८४ लवकर तापट होणारी, असे जाणकार सांगू लागले.

इकडे मद्रासमध्ये हीच गरज वीणेने ओळखली होती. वीणेचा गमक तार बाजूस ओढून काढावयाचा; तो पुरा होण्याआधीच नाद मावळतो. वीणेला ध्वनिग्राहक जोडून तिचा स्वर वाढविणाऱ्यांत जेमिनी स्टुडिओत काम केलेले एमनी शंकरशास्त्री (१९२२–१९८७) अग्रणी होत. पुढे यू. श्रीनिवास यांनी विद्युत् मेंडोलिनवर कर्नाटक संगीत याच बळावर उभे केले. असा वाढविलेला नाद वाद्याचा की यंत्राचा, हा वाद रसिकांत अजून मिटलेला नाही.

बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून अशा नलिका देशात बनविल्या. आज त्या कारखान्यातून निघत नाहीत. जुन्या मालात मात्र त्यांच्या ईसीसी८३ ला इंग्रजी मुलार्डच्या जोडीने गिऱ्हाईक आहे. आम्ही एका स्नेह्याच्या घरी, त्याच्याच गिटारच्या ध्वनिवर्धकात, या दोन्ही आळीपाळीने घालून ऐकल्या. नाव वाचून ऐकले तेव्हा मुलार्ड सरस वाटली. मग आम्ही पाठ फिरवून बसलो आणि दोहोंचा आवाज समान पातळीवर आणला. तेव्हा आमचा निर्णय तीनदा बदलला. किंचित मोठा आवाज कानाला नेहमी अधिक चांगला वाटतो, हे त्या संध्याकाळी कळले. नलिकानलिकांत फरक नसतो असे नव्हे. परंतु झीज, यंत्राची मांडणी आणि कर्णा यांचा वाटा छापील नावाहून मोठा असतो.

तरीही मोह सुटत नाही, आणि त्याचे कारण आम्हाला इतिहासात दिसते. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली मद्रासहून पाँडिचेरीस जाताना वाटेत सिंगपेरुमाळ कोयिल येथे निवर्तले. त्यांची समाधी मिरजेस आहे. आवाज मात्र तिसाव्या दशकातल्या तबकड्यांवर उरला, आणि तो तेथे पोहोचला नलिकांमधूनच. त्या तबकड्यांत खाँसाहेब किती आणि काच किती, हे आता वेगळे करता येणार नाही. तंबोऱ्यातून दोरा काढून उरलेल्या तारेला कोणी खरा तंबोरा म्हणत नाही. मग जुन्या नलिकेच्या वाट्याला आलेले प्रेम निव्वळ भाबडे कसे म्हणावे? फक्त ते नावावर नव्हे, कानावर बेतलेले असावे, एवढेच आमचे मागणे आहे.